पंचवीस शब्द

पिशवी दाराच्या मुठीला अडकवून
यागोदा चार पायऱ्या खाली उतरून उभी राहते.
मास्कवर नुसते डोळे. गळ्यात स्काउटचा रुमाल,
गाठ किंचित तिरकी.
"बटाटे, बीट, रक्तदाबाच्या गोळ्या.
राईचा पाव संपला होता, साधा आणलाय. चालेल?"
चालेल गं.
तिसऱ्या मजल्यावरचा बहिरा घड्याळजीही हिच्याच यादीत आहे.
ती म्हणते, लिस्बनमध्ये असंच चाललंय, मनिलातही;
जिथे तिथे रुमालवाली पोरं जिने चढतायत.

बटाटा हातात घेतला
की मला अजून शाईचा वास येतो.

चव्वेचाळीसचा ऑगस्ट. वॉर्सा पेटलेलं.
आमच्या पोस्टाचा शिक्का बटाट्यावर कोरलेला, लिलीचं फूल.
दोन दिवसांत सुकायचा.
मग नवा कोरायचा, आणि जुना
जांभळ्या शाईसकट उकडून खायचा.

कुठल्याशा इंग्रजी बेटावर
वीसेक पोरांनी तंबू ठोकले, तिथून हे सुरू झालं,
असं आमची नायिका होनोराता सांगायची.
आम्हाला तंबू कुठले!
पाच वर्षं बंदी. रुमाल उशीच्या अभ्र्यात,
वचन घेतलं ते कोळशाच्या तळघरात, कुजबुजत.

लुत्सेक तेरा वर्षांचा. थैली घेऊन गटारातून जायचा.
परतला की आम्ही आधी थैली पुसायचो,
मग त्याला.
टपाल फुकट. फारच वाटलं तर
दवाखान्यातल्या जखमींसाठी एखादं पुस्तक द्या.
नियम मात्र कडक:
जागेचं नाव नको, माणसांची संख्या नको,
आणि पंचवीसच्या वर शब्द नको.

मोजायचं काम माझं.
बारा वर्षांची होते, अक्षर चांगलं, पेन्सिल टोकदार.
लोक "प्रिय" सुद्धा गाळून यायचे.
तरी कुणाचं सव्वीस भरायचं, कुणाचं तीस.
मी शेपूट खोडायची. शेपटात काय असायचं,
ते बघत बसायला वेळ कुणाला होता?

एक चिठ्ठी मात्र पाठ आहे:
"तेक्ला, मी बरा आहे. बूट ओले, बाकी कोरडं.
तुझा निळा स्कार्फ खिशात आहे.
आईला सांग, दात आता दुखत नाही.
घड्याळ विकून पाव घे, लाज नको.
माझी वाट पाहू नकोस."

एकोणतीस.
शेवटचे चार मी खोडले.
नुसत्या रेघेने नाही, नियमाप्रमाणे, पार काळे होईस्तोवर.
लुत्सेकने चिठ्ठी पोचवली. शाबासकी मिळाली दोघांनाही.

युद्ध संपलं. विटा उचलायलाही आम्हीच होतो,
रांगेत, हातोहात.
रेडक्रॉसच्या भिंतीवर हरवलेल्यांचे कागद फडफडायचे,
आणि दर रविवारी
एक बाई आपला कागद सोडवून
नवा डकवायची. पावसाने अक्षर पुसलेलं असायचं.
नाव वाचलं मी. तेक्ला.
एक्कावन्न सालीही ती येत होती.
त्या वर्षी मी दुसऱ्या रस्त्याने जायला लागले.

कुणाला सांगितलं नाही. होनोराताला नाही,
नवऱ्याला नाही. पाद्र्यालाही
दुसरीच पापं सांगितली.
चांगलं काम केलं होतं मी.
तेच तर सांगता येत नाही.

"आजी, तुम्ही बोटं का मोडताय?"
मोडत नाहीये गं, मोजतेय. जुनी खोड.
पोरीला काय कळणार. ती हसते, मास्क जरा फुगतो.
रिकामी पिशवी दुमडते,
चौरस, मग त्याचा अर्धा,
कुणीतरी शिकवलेलं दिसतंय नीट.
मग जिन्याच्या वळणावरून,
दिसेनाशी झाल्यावर, तिचा आवाज:
"गुरुवारी येते. वाट बघा."

चार.
मी दार लावलं नाही लगेच.